कुंदा, तुझा दगड माझ्याकडे आहे

कुंदा, काल तुझ्या शोकसभेत मी भांडले.

तुझा फोटो समोर, ताजा हार, उदबत्ती, सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे पांढरे कपडे घालून बसलेले, आणि मी उभी राहून परबांवर ओरडतेय. तुझा अभी माझा हात धरून मला खाली बसवायला बघत होता. "मावशी, प्लीज, आज नको ना." मी म्हटलं, "आज नको तर कधी? तुझी आई होती तोवर ती भांडत होती. आता ती नाही, तर मी."

तू असतीस तर डोळे बारीक करून म्हणाली असतीस, "काय गो सुलू, तू माझ्या बाजूने?" नाही गं बाई. तुझ्या बाजूने नाही. ते आधीच सांगून टाकते, नाहीतर वर बसून खूश होशील.

झालं काय, ते ऐक. आधी सगळे तुझ्याबद्दल बोलले. कुणी म्हणालं कुंदाताई शांत होत्या. कुणी म्हणालं मनमिळाऊ होत्या. तू आणि मनमिळाऊ! भांडुपच्या भाजीवाल्याला विचार म्हणावं. परब म्हणाले, "कुंदाताई म्हणजे चालताबोलता निसर्ग." मी इकडेतिकडे बघितलं, की ही कुणाची शोकसभा आहे, मी चुकून दुसऱ्या हॉलमध्ये तर नाही शिरले? माणूस मेलं की त्याला पहिल्यांदा गुळगुळीत करून टाकतात. खरखरीत माणसाला हार नीट बसत नाही बहुतेक.

तिथपर्यंत मी गप्प होते गं. शोकसभेत खोटं बोलायचं असतं, मला माहीत आहे. पण मग परबांनी घसा खाकरला. म्हणाले, ताईंच्या स्मरणार्थ गावच्या जागेवर एक चौथरा बांधायचा. त्यावर ताईंच्या नावाचा दिवा. रात्रभर तेवणारा. त्यासाठी वीज बोर्डाची लाईन घ्यायची, रस्त्यापासून आतपर्यंत खांब टाकायचे, मग काय, पंपही बसेल, पंखेही येतील, चार खोल्या काढल्या तर पाहुणेही येतील. "सगळ्यांचं एकमत आहे," म्हणाले. आणि टेबलाखालून स्टीलचं ताट काढलं. ताटात तुझा दगड. धुतलेला. हळदकुंकू लावलेला. वर झेंडूचं फूल.

"ह्याच दगडावर आपण चौथरा उभारू."

कुंदा, माझ्या डोक्यात जी सणक गेली ना!

हॉलमध्ये तुझ्या ऑफिसातल्या बायका होत्या, त्यांना वाटलं असेल, दगडावरून ही म्हातारी एवढी का चवताळली. त्यांना काय माहीत. म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहिते. तुला माहीत असलेलं तुलाच सांगते म्हणून हसू नकोस. कुणीतरी नीट सांगायला हवं, आणि काल हॉलमध्ये ते कुणाला आलं नाही.

तू रिटायर झालीस आणि तुझ्या भावाने तुझ्या वाट्याला गावचा तो कातळ दिला. सगळा काळा जांभा, पावसाळ्यात चार महिने हिरवा, एरवी तवा. "थंय गवतसुद्धा रडत रुजता," असं तो स्वतःच म्हणाला आणि वर तुला सांगितलं की बहिणीला अर्धं दिलं. दुसरी असती तर कोर्टात गेली असती. तू आलीस माझ्या स्वयंपाकघरात, मी डब्याच्या पोळ्या लाटत होते, आणि म्हणालीस, "सुलू, गावच वसवूया. आपलं आपण. आपलं पाणी, आपलं अन्न, आपला उजेड. बाहेरून काही यायला नको."

मला वाटलं, रिटायर झाल्यावर डोकं फिरतं लोकांचं, त्यातलं हे. पण तू परबांना पटवलंस, सोसायटीतली आणखी चारपाच कुटुंबं पटवलीस, आमच्या ह्यांना पटवलंस. वर्षातून जमेल तेवढे दिवस सगळ्यांनी राहायचं, म्हातारपणी कायमचं जायचं. चर खणायचे, म्हणजे पाणी उतारावरून पळणार नाही. झाडाखाली झाड, त्याखाली वेल, त्याखाली कंद, रानासारखं. कोरडा संडास. पागोळीचं पाणी टाकीत. कंदिलापुरतं सोलर. आणि तुझी एकच अट: कुंपणाच्या आत तार येणार नाही. विजेची नाही, कसलीच नाही.

"का गं?" मी सगळ्यांसमोर विचारलं होतं.

"जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांच्या तारा जोडल्या," तू म्हणालीस. "सगळ्या मुंबईचं बोलणं माझ्या कानात. आता माझे कान मला परत हवेत."

काल हॉलमध्ये हे वाक्य एकालाही आठवलं नाही, कुंदा. एकालाही.

पण कातळावर माती कुठून आणायची? तिथे तुझं डोकं कसं चाललं, ते आठवलं की अजून हात जोडावेसे वाटतात. परबांच्या मावसभावाचा टेम्पो. आंब्याच्या दिवसांत तो गावाहून पेट्या भरून भांडुपला येतो आणि रिकामा परत जातो. तू म्हणालीस, रिकामा का? त्याच दिवसांत इथे सोसायटीतली झाडं पानं गाळतात, झाडूवाले ती गोळा करून कचऱ्याच्या गाडीत कोंबतात, गाडी जाते देवनारच्या डम्पिंगला. मग आपण मध्येच धरायची. झालं! आपण दोघी सिमेंटच्या रिकाम्या गोणी घेऊन मुलुंडपर्यंत सोसायट्या पालथ्या घालायला लागलो. एका वॉचमनने आपल्याला गेटवर अडवलं होतं, "क्या आजी, कचरा चोरी?" आणि तू त्याला म्हणालीस, "हां भैया, सोना है, किसी को बोलना मत." कोकणातून लोक मुंबईला फणस आणतात. आपण मुंबईतून कोकणात पालापाचोळा नेत होतो. टेम्पोवाला तर टोलनाक्यावर सांगायला लाजायचा. गोणीत काय आहे विचारलं की म्हणायचा, "घरगुती सामान."

आणि त्या पानांचं आपण काय केलं!

ते आठवून काल ओरडतानाही मला मधेच हसू फुटलं असतं. पाडव्याला सगळे जागेवर जमलो होतो. तू शेजारच्या गावात कोकमाची रोपं आणायला गेली होतीस. आम्ही भांडुपच्या बायका. सण म्हटलं की अंगण लख्ख हवं. आम्ही झाडू घेतले आणि अख्खी जागा झाडून काढली. कडेच्या आंब्याखालचं, काजूखालचं, चरातलं, सगळं. परबांनी ढीग करून काडी लावली. तुला सरप्राइज द्यायचं होतं गं! दारात रांगोळी काढून उभ्या होतो, आता कुंदा येऊन म्हणेल, वा!

तू आलीस. धूर बघितलास. हातातली रोपं खाली ठेवलीस.

"मेल्यांनू, ह्यो कचरो नाय, ही माती होती!"

आणि तिथेच कातळावर बसलीस. आम्हाला आधी कळेचना. दोन उन्हाळे आपण गोण्या वाहिल्या, त्या सडून बोटभर जाडीची काळी माती कुठेकुठे धरायला लागली होती, ती आम्ही खराट्याने खरवडून जाळली. परब म्हणाले, "ताई, पण कुणी काही बोललं नाही ना." तेव्हा आमच्या ह्यांनी हळूच सांगितलं, "मला वाटत होतं जाळू नये. पण सगळे एवढे उत्साहात होते."

त्यावरून तुझा तो नियम निघाला. संध्याकाळी चुलीपाशी तू म्हणालीस, "ज्याला पटत नाही त्याने मधे दगड ठेवायचा. बोलायचं नसेल तर बोलू नका. नुसता दगड ठेवा. आणि दगड असेतो ते काम होणार नाही. ज्याने ठेवला त्यानेच उचलायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही."

आणि आपण तो पाळला. परब, तुम्ही हे वाचत असाल, कारण मी हे सगळ्यांना वाचायला देणार आहे, तर आठवा. कोरड्या संडासावर पहिला दगड तुमचा होता. "मी मेलो तरी त्या राखेच्या डब्यावर बसणार नाही," असं म्हणालात. अख्खा पावसाळा आम्ही बायका छत्री आणि टमरेल घेऊन लांब गेलो. जळवा काढल्या पायाच्या. कुणी तुमचा दगड उचलला? कुणी ताटात घालून हळदकुंकू लावलं? मग पुढे एकदा पपई खाल्लीत, मिटक्या मारत खाल्लीत, आणि विचारलंत, खत कुठलं. कुंदा म्हणाली, "आधी आणखी एक फोड घ्या, मग सांगते." शेजारच्या वाडीतल्या तसल्याच संडासाचं खत होतं. तुम्ही तुमचा दगड तुमच्या हाताने उचललात आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग तिचा दगड उचलायला तुम्हाला कुणी सांगितलं हो?

आता आपलं भांडण, कुंदा. तेही सांगायलाच हवं, कारण काल परबांनी तेच माझ्या तोंडावर मारलं. "वहिनी, तुम्हीच तर लाइट मागत होतात!"

हो. मागत होते. अजून मागते. मला तुझं ते नैसर्गिक जगणं पहिल्यापासून अर्धंच पटलं. पाहुणे येणार, तुझ्याकडून शेतीचे धडे घेणार, चर बघणार, वा वा करणार, आणि जेवायला बसणार. वाटप कोण वाटणार? मिक्सर नाही, तर पाट्यावर पंधरावीस माणसांचं खोबरं कोण वाटणार? चुलीचा धूर कुणाच्या डोळ्यात? मी तुला चिडून म्हटलं होतं, "तुझ्या निसर्गात बाईच्या मनगटावर सगळं चालतं. लाइट घे, मिक्सर घे, पंप घे, नाहीतर मी काही कायमची इथे यायची नाही."

तू उठलीस, जांभ्याचा एक चांगला खरखरीत दगड आणलास आणि चुलीपुढे ठेवलास. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परबांना पाट्यापुढे बसवलंस.

"मी?" परब म्हणाले.

"तुम्ही. वरवंटा उजवीकडून धरा. खोबरं पळता ते असं आत लोटा."

त्या दिवशीच्या आमटीत खोबऱ्याचे तुकडे दाताखाली येत होते आणि परबांच्या सौभाग्यवती म्हणत होत्या, "वा! आज आमटीला काय चव आहे!" पुढे पाळ्याच लागल्या. पुरुषांची पाळी असली की वाटप जाडंभरडं. पण वाटलं त्यांनी. माझे हे पाटा धुवायला शिकले. चाळीस वर्षांच्या संसारात मला जे जमलं नाही, ते तू एक दगड ठेवून केलंस. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. घे, आता दाखवते.

तरी मी लाइट सोडली नाही. मग एकदा दुपारी आपण दोघी सुरण काढत होतो आणि तू मला विचारलंस, "सुलू, भांडुपला लाइट आहे ना?"

"आहे."

"मिक्सर आहे, फ्रीज आहे, पंखा आहे."

"आहे."

"तुझं काम कमी झालं?"

मी सुरणाला लागलेली माती काढत बसले. काय सांगणार? मिक्सर आला तशी लोकांना तीनतीन चटण्या लागायला लागल्या. फ्रीज आला तसं आदल्या दिवशीचं दुसऱ्या दिवशीचं सगळं माझ्याच डोक्यावर. तू मला चिडवायचीस, "उत्तर सुचलं की सांग. मी दगड उचलते." पुढे तू तिकडेच कायमची राहिलीस, तरी गावातल्या दुकानातून फोन केलास की पहिलं वाक्य तेच. "सुचलं काय गो?"

मग तुझा श्वास लागायला लागला आणि अभी तुला इकडे मुंबईला घेऊन आला. त्याचं चुकलं नाही. मुलगा आहे, घाबरणारच. पण शेवटी तू कशी होतीस ते मी बघितलंय. ज्या बाईने एक तार कुंपणाच्या आत येऊ दिली नाही, तिच्या छातीला तारा, बोटाला तार, नाकात नळी, उशाला यंत्र टूक टूक करतंय. मला अशी चीड आली! कुणाची, ते सांगता येणार नाही. डॉक्टर आपलं काम करत होते. तुला बोलता येत नव्हतं. तू नुसते डोळे त्या तारांवरून फिरवलेस आणि मग माझ्याकडे बघितलंस. भुवई अशी वर केलीस. म्हणजे, बघ, आली तुझी लाइट! मला तिथे, त्या काचेच्या खोलीत, खुदकन हसू आलं. सिस्टर म्हणाली, "आजी, बाहेर बसा." मी बाहेर बसले. बाहेर बसून रडले. आत गेले तेव्हा तुझा डोळा लागला होता, आणि पुढे तू डोळे उघडलेच नाहीस. ही कुठली पद्धत गं? भांडण अर्धं टाकून?

तर असा तो दगड. आणि तो काल ताटात.

परब म्हणाले ते "सगळ्यांचं एकमत आहे", त्यावर मी उभी राहिले. म्हटलं, "एकमत कसं झालं? तिने दगड ठेवलाय. तुम्ही चुलीपासून तो उचलून इथे आणलात कुणाला विचारून?"

"वहिनी, ताई गेल्या."

"त्या गेल्या. त्यांचं म्हणणं कुठे गेलं?"

"तुम्हीच तर लाइट मागत होतात!"

"तिच्याकडे मागत होते. तुमच्याकडे नाही."

मग अभी बोलला, आणि तो काही उद्धटपणे नाही बोलला. म्हणाला, "मावशी, मग हा दगड उचलायचा कुणी? आई येणार नाहीये. म्हणजे जागेवर कधीच काही बदलायचं नाही?"

खरं सांगते, इथे मी अडले. पोराचं बरोबर आहे. मेलेल्या माणसाचा नकार किती वर्षं पाळायचा? तसं म्हटलं तर मी मेल्यावर माझ्याही दगडाखाली लोक पिढ्यान्‌पिढ्या अडकून राहतील. तूसुद्धा असं म्हणाली नसतीस. तू म्हणाली असतीस, पटवा.

मग मी म्हटलं, "ठीक आहे. उचलूया. पण आधी तिच्या बाजूने कुणीतरी बोला. तिला तार का नको होती, ते एकाने उभं राहून नीट सांगा. मग मी लाइटच्या बाजूने बोलते. मग ठरवू."

कुणी उठलं नाही. एक जण म्हणाला, "पर्यावरण." एक बाई म्हणाल्या, "साधी राहणी." परब म्हणाले, "ताईंची तत्त्वं होती." तत्त्वं! तुझे कान होते गं, कान! सगळ्या मुंबईने दिवसभर कोंबलेले कान. इतकी वर्षं चुलीपुढे एकत्र बसलो, तुझ्या हातचं खाल्लं, तुझ्या नावाचा दिवा लावायला निघाले, आणि तुझा नकार कशासाठी होता हे एकालाही सांगता येईना. निसर्ग म्हणाले तुला. निसर्ग बरा पडतो. त्याला कुणी विचारत नाही, तुझं म्हणणं काय.

मी पुढे गेले, ताटातला दगड उचलला, पदराने हळदकुंकू पुसलं, आणि भाजीच्या पिशवीत घातला. परब म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही हात लावलात की!" बरोबर होतं त्यांचं. नियम मीही मोडला. म्हटलं, "मी उचलत नाहीये. परत नेऊन ठेवतेय." आणि घरी आले. जड आहे गं मेला. खांदा अजून दुखतोय.

आता तो माझ्या ओट्यावर आहे, मिक्सरच्या शेजारी. सकाळी चटणी वाटताना थरथरत होता, तर मी एक फडकं खाली घातलं. आंब्याचे दिवस आहेत, रविवारी टेम्पो रिकामा जाणार आहे. पानांच्या गोण्या भरून झाल्यात, आमच्या ह्यांनीच भरल्या, मला काही न विचारता. मीही टेम्पोतच पुढे बसून जाणार. दगड चुलीपुढे होता तिथे ठेवणार. परबांना, अभीला, सगळ्यांना सांगितलंय, त्या आठवड्यात या. चौथऱ्याचं नंतर. आधी बसायचं. आधी मी तुझी बाजू मांडीन, तुझ्यासारखी, सगळी, कानांसकट. मग उठून दुसऱ्या बाजूला बसेन आणि माझी मांडीन. बघ बाई काय वेळ आणलीस माझ्यावर. दोन्हीकडून मीच भांडायचं.

आणि हो. उत्तर सुचलंय. तुझ्या तेराव्याची भांडी घासताना सुचलं, आता सुचून काय उपयोग.

तू विचारलं होतंस, भांडुपला लाइट आहे, तुझं काम कमी झालं का. नाही झालं, कुंदा. जराही नाही. पण सगळी निजली की मी ओट्यावरचा दिवा लावते आणि वाचत बसते. चौथीत शाळा सुटलेली मी, वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून सोडवून वाचायला शिकले, ते त्याच उजेडात. तेवढा एक तास कुणाच्या पोळ्यांचा नाही, कुणाच्या डब्याचा नाही. माझा. दिवसा वाच, तू म्हणायचीस. दिवस कधी माझा होता?

तो तास मला जागेवर हवा होता. तुझा सोलरचा कंदील तर जेवणं उरकेपर्यंतच पुरायचा. तू बाजूला तुझे ते मोकळे कान घेऊन बसलेली, आणि मी तुला मोठ्याने वाचून दाखवतेय. पंखा, पंप, मिक्सर, मला त्यातलं काही नको होतं. एवढंच हवं होतं. हे सोडून मी बाकी सगळं बोलले.

आता सांग. उचलतेस?